संदर्भाची बाटली

पाणाड्याची पोरगी जिल्ह्याच्या कॉलेजात जाऊन पाण्याचंच शिकते आहे म्हटल्यावर पांढरमाळचे लोक पोट धरून हसले होते. "आगं, त्यासाठी एसटीचं हेलपाटं कशाला घालायचं? घरात बापाचा हात हाय की!" असं शेजारची कोंडाकाकू म्हणाली होती. ईश्वरी बनगरला ते मनातून पटलंही होतं. आपला बाप साधासुधा माणूस नव्हे, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं.

बाप म्हणजे बिरा बनगर, अख्ख्या माणदेशाचा बिराआबा. तळहातावर नारळ आडवा ठेवून हा माणूस माळावर अनवाणी चालायचा आणि जिथं खाली पाणी असेल तिथं नारळ ताठ उभा राहायचा. आता याला विद्या म्हणा, श्रद्धा म्हणा, नाहीतर थोतांड म्हणा. पण एकतीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात, जनावरं छावणीला गेली होती आणि माणसंही गाठोडी बांधायच्या बेतात होती तेव्हा, गावाच्या वरच्या अंगाला याच नारळानं जागा दाखवली. अठ्ठावीस फुटांवर पाणी लागलं. त्यानंतर ती विहीर एकदाही आटली नाही. आजूबाजूच्या गावांत टँकरपुढं भांडणं लागायची आणि पांढरमाळच्या बाया भर मे महिन्यात गप्पा मारत हंडे भरायच्या. गावानं काठावर दगड बसवून त्यावर 'बिराआबाची विहीर' असं कोरलं होतं. दर दसऱ्याला विहिरीची ओटी भरायची आणि आबांना फेटा बांधायचा, असा रिवाजच पडून गेला होता.

पण पाणाड्याचा एक नियम असतो, निदान आबांच्या घराण्यात तरी होता. ज्यानं पाणी दाखवलं त्यानं ते प्यायचं नाही. प्याला की हाताचा गुण गेला. त्यामुळं गाव ज्या विहिरीवर जगलं, तिचा एक घोटही आबांच्या घशाखाली कधी उतरला नव्हता. त्यांच्यासाठी ईश्वरीची आई, हौसाबाई, रोज सकाळी पाऊण मैलावरच्या पिराच्या आडावरून वेगळी कळशी आणायची. त्या आडाला पाणी तरी किती, दिवसाला चार-पाच कळश्या. पाय दुखले की ती म्हणायची, "एकदा घोट तरी घेऊन बघा की वो. लई गोड हाय." आबा हसायचे. "तू पी आन मला सांग." दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन हौसाबाई गेली, आणि तेव्हापासून ती कळशी आबा स्वतः खांद्यावर आणत होते.

हे झालं घरचं. आता कारखान्याचं सांगायला हवं, कारण सगळं तिथून फिरलं.

पांढरमाळपासून चार मैलांवर मेरुदंड गिअर्सचा कारखाना होता. चाळीस किलोमीटरवरच्या धरणातून त्याला जमिनीखालच्या पाइपानं पाणी यायचं. नव्या कायद्यानं प्रत्येक कारखान्याला पुढच्या वीस वर्षांचा शाश्वत विकासाचा आराखडा करणं सक्तीचं झालं होतं: पाणी किती घेता, किती वाया घालवता, परत काय देता. आधी असे आराखडे सल्लागार कंपन्या करायच्या आणि खाल्ल्या मिठाला जागायच्या. मग सरकारनं ते काम कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडं सोपवलं. विसाव्या वर्षी माणसाला अजून लबाडीची सवय लागलेली नसते, असा त्यामागचा विचार असावा. मुलांच्या सहीशिवाय आराखडा मंजूर व्हायचा नाही.

मेरुदंडचं काम ईश्वरी आणि फरहान शिकलगार या दोघांच्या वाट्याला आलं. फरहान मिरजेचा, सतारी बनवणाऱ्या घरातला. एखादी तार केसभर उतरली तरी त्याला जेवण जात नसे, आणि हाच स्वभाव तो अभ्यासातही घेऊन आला होता. कारखान्याचे पर्यावरण अधिकारी तळवलकर यांनी पहिल्याच दिवशी दुखणं सांगून टाकलं. "धरणाच्या तोंडाशी शंभर लिटर मोजलं तर आमच्या गेटावर ब्याऐंशी पोहोचतं. अठरा कुठं जातात ते तीस वर्षांत कुणाला सापडलं नाही. तुम्ही शोधलंत तर पेढे देईन."

शोधायला त्यांच्याकडं उगमक होतं. डब्याएवढं यंत्र, त्या वर्षीच कॉलेजात आलेलं. पाणी सगळं एकच, असं आपल्याला वाटतं. पण पाण्याच्या कणांत काही हलके असतात, काही जड. धरणात पाणी महिनोन्‌महिने उन्हात तापतं, हलके कण आधी वाफ होऊन उडतात आणि जड मागं उरतात. पावसाचं जे पाणी थेट खडकात मुरतं, त्याला ऊन लागतच नाही, त्याच्यातले हलके कण शाबूत राहतात. म्हणजे प्रत्येक पाणी आपण कुठून आलो त्याची खूण अंगावर घेऊन फिरत असतं. पूर्वी ही खूण वाचायला मोठी प्रयोगशाळा लागायची. उगमक ती चार मिनिटांत वाचायचं. फक्त त्याला सुरुवातीला एक गोष्ट शिकवावी लागे: या भागातलं, जमिनीचं स्वतःचं पाणी कसं असतं. त्यासाठी एका खात्रीच्या ठिकाणाहून पाणी आणायचं. त्याला म्हणायचं संदर्भ. पुढचं प्रत्येक पाणी यंत्र त्या संदर्भाशी ताडून बघायचं.

"खात्रीचं ठिकाण कुठलं घ्यायचं?" फरहाननं विचारलं होतं.

"हे काय विचारणं झालं?" ईश्वरी म्हणाली. "आबांची विहीर. एकतीस वर्षं आटली नाही. त्याच्याहून खात्रीचं काय असणार?"

ती घरी जाऊन मोठी काचेची बाटली काठोकाठ भरून घेऊन आली. चिठ्ठीवर तिनं आपल्या हातानं लिहिलं: 'संदर्भ. शुद्ध भूजल. आबांची विहीर.' लिहिताना तिचा ऊर भरून आला होता. बापाची विद्या आणि लेकीची विद्या एका बाटलीत आली, असं तिला वाटलं. फरहाननं चिठ्ठी वाचून 'आबांची' या शब्दावर बोट ठेवलं आणि तो हसला.

दोन महिने दोघं पाइपाच्या कडेनं हिंडले. ओली जमीन, बोअर, ओढ्यातली डबकी, सगळ्यांचं पाणी उगमकात घातलं. यंत्र प्रत्येक ठिकाणी एकच सांगे: इथलंच पाणी, जमिनीचं. गळती कुठंच नव्हती. फक्त एक-दोन लांबच्या बोअरचं पाणी 'परकं' निघालं, तेव्हा बोअर बिघडली असेल म्हणून ईश्वरीनं ते बाजूला टाकलं. शेवटी ती म्हणाली, "मीटरच खराब आहे. तसं लिहू आणि मोकळं होऊ."

फरहानचं समाधान होईना. कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा पिता पिता तो उठला, बेसिनच्या नळाखाली बाटली धरली आणि ते पाणी उगमकात घातलं. चार मिनिटं दोघं यंत्राकडं बघत राहिले. आकडा आला: इथल्या भूजलाशी जुळणी शंभरात चौऱ्याण्णव.

"हे तर धरणाचं पाणी," फरहान हळूच म्हणाला. "पाइपातून आलेलं. हे जमिनीचं कसं असेल?"

ईश्वरीनं आकडा पुन्हा वाचला.

"ईश्वरी, यंत्र खोटं बोलत नाही. एकतर धरणात विहिरीचं पाणी आहे..."

"पुढचं बोलू नकोस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गावी गेली. आबा नुकतेच पिराच्या आडावरून कळशी घेऊन आले होते. तिनं त्याच कळशीतलं पाणी छोट्या बाटलीत भरून घेतलं. आबांनी विचारलं, "माझंच पानी कशाला गं? इहिरीचं घे की, गोड हाय म्हनत्यात." तिनं काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं आणि घरामागं जाऊन यंत्र लावलं. आडाचं पाणी संदर्भ म्हणून दिलं आणि मग विहिरीचं पाणी त्याच्याशी ताडलं. जमिनीचं पाणी शंभरात नऊ. बाकी एक्याण्णव धरणाचं.

पाइप ज्या उन्हाळ्यात पुरला, विहीर त्याच उन्हाळ्यात खणली होती. पाइप गावाच्या वरच्या अंगानं, माळाच्या पोटातून गेला होता. कुठंतरी एक सांधा पहिल्याच दिवशी नीट बसला नव्हता. आणि हौसाबाईनं मरेपर्यंत नवऱ्यासाठी जे पाणी पाऊण मैल चालून आणलं, तेवढंच काय ते पांढरमाळच्या जमिनीचं खरं पाणी होतं. ईश्वरी घरामागच्या शेणीच्या ढिगाला टेकून बसली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबावा तशी ओढणी कोंबून रडली.

तळवलकरांनी निकाल वाचला, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. वाईट माणूस नव्हता तो. "हे बघ बाळ," ते म्हणाले, "गळती बुजवायला पाइपात अळी सोडावी लागेल. आतून अस्तर लावत जाणारा रोबो असतो तो. त्यासाठी लाईन दहा दिवस बंद, म्हणजे कारखाना बंद. वरचे लोक मला फाडून खातील. तू 'नैसर्गिक पाझर' असे दोन शब्द लिही. तुझ्या वडिलांची विहीर राहील, माझी नोकरी राहील. कुणाचं काय बिघडतंय?"

आठ दिवस ती ते दोन शब्द मनात घोळवत हिंडली. खोटं कशाला बोला, तिला ते लिहायचे होते. एकदा तर तिनं ते लिहिलेही. मग तरसवाडीहून मामीचा फोन आला. तरसवाडी म्हणजे हौसाबाईचं माहेर, त्याच धरणाच्या कालव्याच्या अगदी शेपटाला असलेलं गाव. कारखान्याचं घेऊन उरेल ते पाणी खाली सुटायचं, आणि तिथवर ते पोहोचायचंच नाही. "चौथ्या दिवशी टँकर येतो बघ," मामी सांगत होती. "तुझी आय सुदिक ल्हानपणी ह्याच रांगंत हुबी ऱ्हायलेली. पांढरमाळला दिली तवा तुझी आजी म्हनली व्हती, पोरगी पान्यात पडली." ईश्वरीनं फोन ठेवला. ती अठरा लिटरं कुणाच्या तोंडची होती, ते आता तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्यासारखं करता येईना.

"मी एकटाच सही करतो," फरहान म्हणाला. "तुझं नाव नको. कॉलेजातल्या मॅडमना सांगू, तू आजारी होतीस."

"संदर्भ मी चुकवला," ती म्हणाली. "सही मीच करणार. पण आधी आबांना सांगते."

आबा अंगणात खाटेवर सुंभ वळत बसले होते. तिनं सगळं सांगितलं. हलके कण, जड कण, पाइप, सांधा. आबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. तिचं झाल्यावर त्यांनी सुंभ बाजूला ठेवलं.

"नारळ हुबा ऱ्हायला व्हता का न्हाय?"

"राहिला होता, आबा."

"खाली पानी व्हतं का न्हाय?"

"होतं."

"मंग माझा हात खोटा कसा?"

"हात खोटा नाही आबा. हाताला पाणी कळलं. कुणाचं ते कळलं नाही."

आबा चक्क हसले. लेकरू शाळेतून काहीतरी भलतं शिकून आलं की बाप हसतो, तसं. "येडी का काय तू? कर सही. बुजवू दे त्यांला पाइप. इहीर आटली तर तुझं यंत्र खरं. न्हाय आटली तर माझा नारळ." आणि तेवढ्यावर न थांबता ते संध्याकाळी पारावर जाऊन चारचौघांत तसंच बोलले. "माझी पोरगी हुशार हाय, पन हितं चुकलीय. तिच्यावं कुनी रागावू नगा. काय ते इहीरच सांगंल." गावानंही मान डोलावली. ईश्वरी पाराच्या मागं उभी होती. तिला वाटलं, पुढं होऊन ओरडावं की आबा, असं चारचौघांत बोलू नका, पाया पडते. पण ती तशीच मागल्या मागं घरी वळली.

तिनं सही केली. फरहाननं तिच्या खाली केली. कारखाना दहा दिवस बंद राहिला, तळवलकरांची बदली झाली, अळी पाइपातून सरकत गेली आणि तो सांधा तिसऱ्याच दिवशी बुजला. आराखड्यात ईश्वरीनं एक कलम हट्टानं घातलं होतं: पांढरमाळला कारखान्याच्या लाईनीवरून नळ द्यावा. कंपनीनं ते मान्य केलं.

रोज सकाळी आबा गाठी मारलेला दोर घेऊन विहिरीवर जायचे. पहिल्या आठवड्यात पाणी एक गाठ उतरलं. "उन्हाळा हाय," आबा म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात चार गाठी. आबांनी त्या दोनदा मोजल्या. काठावरच्या बाया आबा आले की बोलायच्या थांबायच्या. ईश्वरीनं एकदा भीत भीत म्हटलं, "आबा, आहे तोवर एक घोट घेऊन बघा ना. आई म्हणायची..."

"आन माझा गुण गेला म्हंजी?" आबा एकदम चिडले. "आता ह्या टायमाला? म्या प्यालो आन इहीर आटली, तर लोक म्हनतील बिरानंच नियम मोडला. न्हाय. ती आटत न्हाय."

एकविसाव्या दिवशी दोराच्या टोकाला चिखल लागून आला. आबांनी तो बोटानं निपटून काढला, दोर गुंडाळला आणि घरी आले. त्या दिवशी पारावर कुणीतरी पोरगं म्हणालं, "नळाचं पानी हुडकायला नारळ कशाला, पाना पुरं की!" लोक हसले, आणि हसल्यावर त्यांना लाज वाटली. पण हसायचं ते हसून झालं होतं.

आणि तुम्हाला सांगतो, गावाचं पाण्यावाचून काही अडलं नाही. हीच तर खरी गंमत, आणि हेच दुःख. आठ दिवसांत नळ आला. तेच धरण, तेच पाणी. फक्त आता ते तोटीतून पडत होतं आणि दोर ओढायला लागत नव्हता. बाया खूश होत्या. तरसवाडीहून मामाचा फोन आला, कालव्याला पाणी आलं म्हणून तो ढसाढसा रडत होता, आणि ईश्वरीला त्याच्याबरोबर धड हसताही येईना की रडताही येईना. नळाच्या उद्‌घाटनाला नारळ कुणी फोडायचा, असा प्रश्न आला तेव्हा सरपंच आबांकडंच आले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मानाचा माणूस म्हणून आले. आबा गेले. सगळी हयात ज्यांनी नारळ तळहातावर जपून धरला, त्यांनी तो तोटीखालच्या दगडावर आपटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी खोबऱ्याचा तुकडाही घेतला नाही.

घरी आल्यावर ते उंबऱ्यात बसले. ईश्वरीनं नळाचं पाणी तांब्यात आणलं. "आबा, हे तेच पाणी आहे. विहिरीत होतं तेच. आता नियम नाही, काही नाही. घ्या."

"तेच न्हाय," आबा म्हणाले. "त्यातलं न्हाय ऱ्हायलं का कुठं? जुन्यातलं? हंड्यात, रांजनात, कुनाकडं?"

कुणाकडं असणार? एकतीस वर्षं न आटलेल्या विहिरीचं पाणी कोण साठवून ठेवतो? मग ईश्वरीला आठवलं. ती दुपारच्या एसटीनं कॉलेजात गेली. उगमकाच्या शेजारी, थंड कपाटात, ती काचेची बाटली बूच घट्ट लावलेली तशीच होती, अर्धी भरलेली. फरहाननं नवी संदर्भाची बाटली आणली होती, पण जुनी त्यानं फेकली नव्हती. तिनं विचारलं, "घेऊ?" तो म्हणाला, "तुझीच आहे."

दिवस मावळायच्या आत ती परतली. आबा उंबऱ्यातच होते. त्यांनी बाटली हातात घेतली आणि तिच्यावरची चिठ्ठी तिला वाचायला सांगितली.

ईश्वरी चिठ्ठीवर वाकली. "संदर्भ," ती म्हणाली. "शुद्ध भूजल. आबांची विहीर."

आबांनी मान हलवली. बूच काढलं. आधी उजव्या तळहातावर, जिथं नारळ धरायचे तिथं, थोडं ओतलं आणि ते ओघळून जाताना बघितलं. मग बाटली तोंडाला लावली आणि दोन-तीन घोट घेतले, सावकाश, तोंडात धरून.

"गोड हाय," ते म्हणाले.

ईश्वरी त्यांच्याशेजारी उंबऱ्यात टेकली.

"खरंच गोड हाय गं. ती म्हनायची, म्या ऐकलं न्हाय." त्यांनी बूच परत लावलं. "रोज पाऊन मैल चालवली तिला म्या. हे हितं दाराशी असताना. कशापायी? हाताचा गुण जाईल म्हनून. आन हात असा." त्यांनी ओला तळहात तिच्यापुढं धरला. ईश्वरीनं तो दोन्ही हातांत घेतला आणि दोघं तिथंच उंबऱ्यात बसून रडली, ती आईसाठी आणि ते कशाकशासाठी कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरी उठली तेव्हा खाट रिकामी होती. ती घाबरून विहिरीकडं धावली, तिथं कुणी नव्हतं. पिराच्या आडाच्या वाटेवरही कुणी नव्हतं. परतताना तिला आबा दिसले. हौसाबाईची कळशी खांद्यावर घेऊन ते नळाच्या रांगेत उभे होते. बाया पुढं व्हा म्हणत होत्या, पण ते हलले नाहीत; रांगेत सगळ्यात शेवटी, आपला नंबर यायची वाट बघत उभे राहिले.